उजव्या बाजूची दांडी

“मॅडम, हे गिफ्ट आहे. भंगार वाटून राहिलं.”

एचआर मॅनेजरांनी मॉडेलवरून बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. रुमालाला काही लागलं नाही. ती घाण नव्हतीच, रंग होता.

कोराडी रोडवरच्या त्या कारखान्यात कोळशाच्या वाघिणी ढकलणारं एक जुनं इंजिन होतं. ते चालवणारे नामदेवकाका त्या दिवशी रिटायर होणार होते. त्यांना द्यायला इंजिनाचं हातभर लांब धातूचं मॉडेल मी प्रताप नगरातल्या माझ्या खोलीत तीन महिने खपून केलं होतं. त्यातला एक महिना नुसत्या वेदरिंगचा. वेदरिंग म्हणजे नवं मॉडेल ऊन, पाऊस, गंज खाल्ल्यासारखं रंगवणं. छतावर राखेचा पातळ थर दिला, पायऱ्यांवर ऑइलचे डाग. चढताना धरायच्या दांड्या पोलादी तारेच्या. त्या आधी केमिकलनं काळ्या केल्या, मग रोज हात पडतो तिथे बारीक पॉलिश पेपरनं घासून उजळवल्या. माझ्याकडे फोटो फक्त डाव्या बाजूचा होता. उजवी बाजूही तशीच असणार, असं मी धरून चालले.

“चार वाजता फंक्शन आहे. एक पिवळा कोट मारून द्या. एकदम चकाचक.”

“नाही मारणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही. चकाचक इंजिन काकांनी कधी चालवलंच नाही. आधी त्यांना दाखवा. ते भंगार म्हणाले, तर मी मुकाट्यानं परत नेते.”

माझा आवाज चढला होता. चढू दे. आतून मात्र धास्ती होती, तेच भंगार म्हणाले तर?

काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकले आणि डाव्या दांडीवर बोट ठेवलं.

“हे तं माहंच इंजिन हाये. अथीच माहा हात पडे.” त्यांचे डोळे भरून आले.

मी मॅनेजरांकडे बघितलं, अगदी मुद्दाम.

काका फिरून दुसऱ्या बाजूला गेले.

“बाई, हे दांडी काहून चमकून राहिली? इकून नाली होती. इकून मी एक बी दिवस चढलो नाही. इकडची पुरी गंजली होती.”

मॅनेजर गालात हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतून केमिकलची बाटली काढली, कापसाच्या बोळ्यानं दांडी पुन्हा काळी केली, कोरडी झाल्यावर तिच्यावर गंजाच्या रंगाची पूड चोळली.

“हां, आता बराबर,” काका म्हणाले.

“मला तर सरळ नाही म्हणाल्या होत्या,” मॅनेजर म्हणाले.

“तुम्ही भंगार म्हणालात. त्यांनी चूक दाखवली.”

चार वाजता काकांनी ते मॉडेल तसंच, राखेसकट, छातीशी धरून फोटो काढून घेतला.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी विचारते, गाडी चालवणारा चढायचा कुठून? चकाचक पाहिजे म्हणणाऱ्यांना मात्र आजही नाहीच म्हणते.