पाणी वाढतात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — तोंड वाकडं करून ऐकलंत तरी चालेल.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत पाहणीचं काम करायचो. परदेशातून मदत यायची, त्यातून गावोगाव विहिरी व्हायच्या, आणि ती मदत सत्कारणी लागली का, हे मी जाऊन बघायचं. शब्द केवढा भारदस्त — मूल्यमापन! आणि आत काय? एक छापील प्रश्न. नव्या विहिरीचं पाणी मिळतं का? होय किंवा नाही. ज्या वस्तीतून 'नाही' येईल, त्या वस्तीत दुसरी विहीर. पैसा मंजूर होता. फक्त माझ्या 'नाही'वर अडलं होतं.

आणखी एक — नाही, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो. पण दौऱ्यावर मी आडनाव सांगत नसे. नुसता 'अमरावतीचा साहेब'. लोक हवं ते समजायचे आणि मी समजू द्यायचो. लाज? तेव्हा हुशारी वाटायची ती मला.

अंजनगावकडचं एक गाव. पाटलांच्या ओसरीवर माझा फराळ झाला, मग ते स्वतः नवी विहीर दाखवायला आले. गड्यानं ताजं पाणी ओढून तांब्या माझ्या हातात दिला. मी प्यालो. आणि खाली, जरा लांब, आमच्याच समाजाच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दोराला हात लावायचा नाही. कुणाच्या मनात आलं तर त्यानं वरून ओतायचं. माझ्या लहानपणी आई अशीच उभी राहायची हो! मला हे कुणी समजावून द्यायला हवं होतं का?

त्यांच्यात सगुणामावशी होती. मूळची अचलपूरजवळची, आईच्या माहेरची, लग्न होऊन या गावात आलेली. मला कडेवर घेऊन हिंडलेली. तिनं मला पाहिलं, पाटलाला पाहिलं, माझ्या हातातला तांब्या पाहिला. एरवी मला बबन्या म्हणणारी ती बाई म्हणाली, "सायेब, लिवून घ्या. आमाले पानी भेटत नाई. आमाले पानी वाढतेत."

वाढतात. दारात आलेल्या भिकाऱ्याला वाढतात, तसं.

पाटील हसले. "घागर भरते ना वं? मंग काहून बोंबलून राहिली?"

आणि मी — मी काय केलं? मीही हसलो. म्हणालो, "घागर भरते म्हणजे पाणी मिळतंच की." सगळ्या बायांसमोर 'होय' लिहिलं. एकदा नाही, त्या वस्तीतल्या प्रत्येक घराच्या नावापुढे. कारण 'नाही' लिहिलं असतं तर पाटलांनी मला नीट निरखलं असतं, आडनाव विचारलं असतं. तांब्या विटाळल्याचं बाहेर आलं असतं. भ्यालो. दुसरं काही नाही.

वस्तीतली विहीर रद्द झाली. वरून शाबासकी आली — एका विहिरीच्या खर्चात सारं गाव भागलं, मदतीचा उत्तम विनियोग! आजही कुणी 'विनियोग' म्हटलं की माझं डोकं सणकतं. वरच्यांवर चिडतो, त्या दळभद्री प्रश्नावर चिडतो. पण प्रश्न कसाही असो, उत्तर मला जन्मापासून ठाऊक होतं. मग त्यांच्यावर कसला चिडतोस, हरामखोरा?

पुढच्या उन्हाळ्यात मावशी आमच्या घरी आली. आई कौतुकानं म्हणाली, "माहा बबन तुमच्या तिकडं येत असते म्हने. भेटला का तुले?"

"नाई वं," मावशी म्हणाली. "तो मले कुठी दिसते!"

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ऊन मी म्हणत होतं, ती चालत आलेली, ओठ सुकलेले. मी उठून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, माठापाशी गेली आणि आपल्या हातानं पाणी काढून प्याली.