गोपाळअण्णांनी सुचवलेली भिंत

धारवाडला केलगेरीच्या तळ्याजवळ गोपाळअण्णांचं घर. धरणं, तळी यांच्या बांधांना दगड बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एकदा दगड नीट बसला की पाणी काय करतंय, असं ते छाती पुढे काढून म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते पटायचंही.

मुलगी स्वाती कारवारकडच्या एका गावात दिलेली. समुद्रकाठचा फिरायचा रस्ता जिथं संपतो, तिथून पुढे वाळूवर तिचं कौलारू घर. पावसाळ्यात समुद्र वाळू न्यायचा आणि नंतर परत आणून टाकायचा. अलीकडे नेणं जास्त, आणणं कमी झालं. तेव्हा नगरपालिकेनं लोकांना बोलावलं. रस्त्याला लागून दगडी भिंत घालायची, की खाडीच्या तोंडातली वाळू आणून किनाऱ्यावर पसरायची आणि ती धरून ठेवायला केवडा लावायचा?

जावई दीपक हौसेनं सासऱ्यांना सभेला घेऊन गेला. "आमचे मामा धारवाडचे. पाणी अडवणं हाच त्यांचा धंदा."

स्वातीच्या पलीकडे राहणारी, मासे विकणारी सीता उठली. "वाळूच घाला. नाहीतर होड्या ओढायच्या कुठं? अण्णा, तुमचं तळं एका जागी बसून असतं. ह्याला बसायची सवय नाही."

"अक्का, वाळूनं पाणी अडलं असतं तर आम्ही दगड कशाला फोडले असते?"

सभा हसली. भिंत ठरली. परतीच्या बसमध्ये कलघटगी येईपर्यंत अण्णा शेजाऱ्याला हेच सांगत होते.

भिंत उत्तम झाली. एक दगड हलला नाही. पण लाट तिच्यावर आपटून मागं फिरायची ती पायथ्याची वाळू घेऊनच. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीपुढचा किनारा नाहीसा झाला. आणि भिंत संपते तिथं समुद्र वळून आत शिरला. आधी माड गेले, मग विहीर खारी झाली, मग स्वातीची मागची पडवी गेली.

यंदा पुन्हा सभा ठरली. स्वातीचा फोन आला. "अप्पा, तुम्ही या. भिंत आमच्या घरापुढून न्या म्हणून सांगा. तुमचं ऐकतात ते."

अण्णा गेले. सभेआधी बराच वेळ भिंतीच्या टोकाशी उभे राहिले. पाणी भिंतीला घासत यायचं आणि टोकाशी वळून जमीन कापायचं. भिंत वाढवली तर टोक सीताच्या दारात जाणार होतं.

"आता वाळू घालता येईल का?" त्यांनी इंजिनिअरला विचारलं.

"भिंतीपुढे ती टिकायची नाही, अण्णा. तेव्हाच घालायला हवी होती."

सभेत त्यांना बोलायला उभं केलं. स्वाती अगदी पुढ्यात बसली होती.

"वाढवू नका," अण्णा म्हणाले. "इथं वाचवाल ते पलीकडे जाईल. मला समुद्रातलं काही कळत नाही."

"मग तेव्हा कशाला बोललात, अप्पा?" स्वाती सगळ्यांसमोर म्हणाली.

भिंत वाढली नाही. आठवड्याभरात घर उतरवायला घेतलं. स्वयंपाकघराच्या जोत्याखालची वाळू सरकत होती. स्वाती शिडीवरून एकेक कौल खाली द्यायची, अण्णा घ्यायचे.

"मामा, बसा जरा," दीपक म्हणाला. ते बसले नाहीत.

"दाराची चौकट जपून काढू या," ते म्हणाले. "सागवानी आहे. दुसरीकडे बसवता येईल."

"कुठं?" स्वातीनं वरूनच विचारलं.

अण्णांनी पुढच्या कौलासाठी हात वर केला.