मोर्चाची फेड

माझी बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. धडगावच्या पुढे, तोरणमाळच्या बाजूला एका पाड्यावर तिची शाळा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट अठरा. वर्गखोल्याही दोन होत्या, पण एकीचा स्लॅब खचला म्हणून तिच्या दारावर लाल रंगात 'धोकादायक' लिहून गेले, आणि तेव्हापासून चारही वर्ग एका खोलीत आणि ओसरीत भरतात. सोमवारी पहाटेच्या बसने ती नंदुरबारहून निघते, आठवडाभर धडगावला भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवारी दुपारनंतर घरी येते. मी इथे मिरची बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. असा आमचा संसार सहा वर्षं चालला आहे, आणि बरा चालला आहे.

त्या पावसाळ्यात आदेश आला. पट वीसच्या आत असेल तर दोनपैकी एक शिक्षक कायम राहणार, दुसऱ्याच्या जागी कंत्राटी. कायमवाल्यांत जो कनिष्ठ तो 'अतिरिक्त' ठरून दुसरीकडे जाणार. कनिष्ठ म्हणजे आमची ही. मी घरी बसून हिशेब केला. बदलीत तिला सपाटीवरची शाळा मिळाली असती, कदाचित शहाद्याजवळची. रोज घरी येता आलं असतं, खोलीभाडं वाचलं असतं. मी तसं बोलून दाखवलं.

"आणि पहिलीचं काय?" ती म्हणाली.

पाड्यावरची पोरं घरी पावरी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा मराठी त्यांना तितकीच परकी असते जितकी मला. म्हणजे पावरी मला. ही पहिल्या वर्षी दोन महिने मुक्यासारखी शिकवत होती. मग पोरांच्या आयांकडून भाषा शिकली, आता झोपेतही कधीकधी पावरी बोलते. कंत्राटी माणूस येणार वर्षभरासाठी, पुढच्या वर्षी दुसरा. त्याने भाषा शिकावी कधी? तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी खोलीभाड्याचा विषय सोडला.

शिक्षकांच्या संघटनेने जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा ठरवला. तालुक्याचे सचिव आमच्याच ओसरीवर बैठक घेत. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले, अंगाने भरलेले, आवाज असा की माइक लागू नये. एका बैठकीत ते म्हणाले, नुसते शिक्षक चालले तर लोक म्हणतील, पगारासाठी चाललेत. पालक पाहिजेत.

"ताई, तुमच्या पाड्यावरून पन्नास माणसं आणा."

"सांगून नाही येणार. ज्वारी-मक्याची निंदणी चालू आहे," ती म्हणाली. "लाह बोलावली तर येतील."

लाह म्हणजे काय ते तिने सगळ्यांना समजावलं. डोंगरात कुणाला घर बांधायचं असेल, शेत निंदायचं असेल तर तो गावाला बोलावतो. घरटी एक माणूस येतो. मजुरी कुणी घेत नाही. बोलावणाऱ्याने जेवण घालायचं, आणि...

"जेवणंच ना?" सचिवांनी तिला मध्येच थांबवलं. "त्यामा काय अवघड शे? दाजी शेतस ना."

दाजी म्हणजे मी. वाक्याचा उरलेला अर्धा भाग ओसरीवर कुणीच ऐकला नाही. मीही नाही, कारण मी तांदूळ-डाळीचा हिशेब सुरू केला होता.

पाड्यावर घरं चौतीस. घरटी एक धरून चौतीस, वर ढोल वाजवणारे आणि हौशी असे सहा. मी पन्नास माणसांची खिचडी, कढी आणि वांग्याची भाजी सांगून ठेवली. दहाचा वाढावा सोडल्यावर मला शांत झोप लागली.

मोर्चाच्या दिवशी सकाळी मैदानावर शिक्षक जमले. शिक्षकांचा मोर्चा मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. कुणी न सांगता तालुक्यावार रांगा लागल्या, उंचीनुसार नव्हे एवढंच. सगळ्यांनी सामूहिक रजा घेतली होती, आणि प्रत्येकाने रजेचा अर्ज रीतसर कारणासह दिला होता. मी एकाला विचारलं, कारण काय लिहिलंत? म्हणाला, "मोर्चा. खोटं कशाला लिहू?" घोषणा देणाऱ्या मॅडम दर दोन घोषणांनंतर थांबून म्हणत होत्या, "मागच्या रांगेचा आवाज येत नाहीये."

मग जिपा आल्या. दोन ठरवल्या होत्या, पाच आल्या. टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, दोन मोठे ढोल. मी मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे सोडून दिलं. पुढच्या जीपमधून कारभारी उतरले. पाड्यावर चार माणसांत ज्यांचा शब्द चालतो ते हे, पांढरा फेटा आणि पायात मुलाचे बूट.

"अगं, एवढे?" मी हिला बाजूला घेऊन विचारलं.

"शेजारचे दोन पाडे पण आलेत. आमच्या पाड्याने गेल्या वर्षी त्यांची घरं बांधून दिली. त्यांची फेड राहिली होती."

"हे आधी सांगायचंस ना."

"मला तरी कुठे माहीत होतं? आणि तुम्हाला सांगायला लागले होते तेव्हा तुम्ही डाळ मोजत होतात."

मोर्चा छान निघाला. ढोलामुळे घोषणांची लय बिघडली, पण आवाज नक्कीच वाढला. चौकातले रिक्षावाले विचारू लागले, होळी इतक्या लवकर कशी?

निवेदन द्यायला आत पाच जणांना सोडलं: सचिव, दोन पदाधिकारी, ही आणि कारभारी. मी बाहेर खिचडीच्या पातेल्यापाशी होतो, त्यामुळे आतलं मला तिने सांगितलं तेवढंच माहीत. सचिवांनी मुद्दे वाचले: वर्गखोल्या, पट, कंत्राटाची मुदत. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. मग कारभाऱ्यांना विचारलं, बाबा, तुम्हाला काही सांगायचंय?

कारभारी म्हणाले, "बाईंचं शाळेशी नातं मोडायचं तर कुणाला विचारणार?"

"म्हणजे?"

"आमच्यात लग्न मोडायचं झालं तरी पंच बसतात. दोन्ही बाजू ऐकतात, दंड ठरतो. शाळा आमची, पोरं आमची. बाईंना काढताना आम्हाला कुणी बसवलं नाही."

अधिकारी हसले, म्हणाले, "मलाही कुणी बसवलं नाही, बाबा. पण तुमचं म्हणणं वर कळवतो." चहा सगळ्यांना मिळाला. कारभाऱ्यांनी दोन कप घेतले.

बाहेर माझी वेगळीच परीक्षा चालली होती. पन्नासांची खिचडी शंभरावर माणसांना पुरत नाही, कितीही पातळ कढी वाढली तरी. मी हॉटेलवाल्याला फोन लावत होतो तेवढ्यात त्या घोषणावाल्या मॅडमनी पिशवीतून डबा काढला. मग बाजूच्या सरांनी काढला. बघता बघता सगळ्यांनी काढले. रजा घेऊन मोर्चाला आलेल्या एकूण एक शिक्षकाने डबा आणला होता, कारण घरातून डब्याशिवाय बाहेर पडायची त्यांना सवयच नाही. पोळ्या, मेथी, शेंगदाण्याची चटणी, कुणाची कळण्याची भाकरी. सगळं एका चादरीवर आलं आणि त्याच मॅडमनी सगळ्यांना समोरासमोर पंगतीत बसवलं. जेवण पुरलं. थोडं उरलंही.

निघताना सचिव कारभाऱ्यांच्या हातात जीपभाड्याचे पैसे देऊ लागले. कारभाऱ्यांनी हात मागे घेतला आणि हिच्याशी पावरीत काहीतरी बोलले. ही हसायला लागली.

"काय म्हणतात?" सचिवांनी विचारलं.

"म्हणतात, लाहेत पैसे नसतात. आम्ही तुमच्या कामाला आलो, आता आम्ही बोलावू तेव्हा तुम्ही आमच्या कामाला या. त्या दिवशी मी हेच सांगत होते, तुम्ही मध्ये बोललात."

"कसानं काम?"

"निंदणी."

सचिवांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं आणि म्हणाले, "येसूत."

बोलावणं आलं ते तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी. आदेशाचं तोवर काहीच झालं नव्हतं. उलट अतिरिक्त शिक्षकांना नव्या शाळा देण्यासाठी नंदुरबारला बोलावणार असल्याचं कळलं होतं, त्यात हिचं नाव होतं. मला वाटलं, आता जाण्यात काय अर्थ? ही म्हणाली, "ते आपल्या कामाला आले ना? मग आदेशाचं काहीही होवो, जायचंय." पंधरा शिक्षक आले. त्यात मोर्चाला न आलेलाही एक होता. मला तर जावंच लागलं.

शेत उतारावर, कारभाऱ्यांच्या भावाचं. एका पट्टीत मका, दुसऱ्या पट्टीत मोर, म्हणजे डोंगरातली भगर. भगर ताटात ओळखतो तो प्रत्येक माणूस शेतात ओळखतोच असं नाही. कोवळी असताना ती अगदी गवतासारखी दिसते. सचिव सगळ्यांच्या पुढे होते. वाकून, घाम गाळत, एक अख्खी ओळ त्यांनी साफ केली आणि कमरेवर हात ठेवून मागे पाहिलं. बायकांमध्ये एकदम हसू फुटलं. त्यांनी गवत ठेवलं होतं आणि भगर उपटली होती.

कारभारी बांधावरून म्हणाले, "गुरुजी, नापास."

"मन्हा बाप केळीवाला शे," सचिव म्हणाले. "मले हाई काय ठाऊक?"

"मग केळीला या म्हणून आम्हाला बोलवा," एक बाई म्हणाली. "आम्ही केळी उपटून देऊ."

उपटलेली रोपं बायकांनी तिथेच भिजल्या मातीत परत खोचली. सचिवांना पाणी आणायच्या कामावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन वेळा सांगितलं की पुढच्या मोर्चाला लाह न बोलावता जमेल का ते बघू. पण जेवताना तेच सगळ्यांत जास्त वेळ कारभाऱ्यांपाशी बसले होते.

नंतरच्या एका शुक्रवारी अतिरिक्त शिक्षकांचं बोलावणं होतं. ही आदल्या संध्याकाळी घरी आली. येताना वर्गाच्या भिंतीवरचे तक्ते गुंडाळून घेऊन आली, नव्या माणसाच्या हाती फाटू नयेत म्हणून. रात्री फार बोलली नाही. सकाळी मी तिला गाडीवरून जिल्हा परिषदेत सोडून आलो.

अकराच्या सुमारास सचिवांचा फोन आला, आणि त्यांच्या आवाजामुळे तो दुकानातल्या सगळ्यांनी ऐकला. कंत्राटी नेमणुकीचा आदेश मागे घेतला होता. बदल्या थांबल्या. खचलेल्या खोलीबद्दल फक्त 'प्रस्ताव सादर' एवढंच होतं. ती आजही तशीच आहे, आणि त्यासाठी निवेदनं चालूच आहेत. पण दोन शिक्षक राहिले.

मी पेढे घेऊन घरी गेलो. ही तक्ते परत पिशवीत भरत होती.

"अगं, आज शुक्रवार. उद्या शनिवारची सकाळची शाळा, अर्धा दिवस. तेवढ्यासाठी आता घाट चढून जाणार आणि उद्या दुपारी परत येणार? येण्याजाण्याचा वेळ शाळेच्या वेळेपेक्षा जास्त होतो."

"तुमचा हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली. "पण भिंत रिकामी पाहून पोरांनी काल मला विचारलं होतं, बाई कुठे चालल्या. मी उत्तर दिलं नव्हतं."

मी तिला बसस्टँडवर सोडलं. पेढ्यांचा पुडा तिने जाताना उचलला. अठरा मुलं, दोन शिक्षक, कारभाऱ्यांच्या घरचे. पुरणार नाहीत हे मला दिसत होतं, म्हणून गाडी सुटायच्या आत पळत जाऊन आणखी अर्धा किलो आणले.