नाळेवरचा कापूस

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझा देवीवरचा विश्वास उडाला होता, आणि मी तिच्याच पुजाऱ्याची लेक! कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेतकरी पहिल्या वेचणीचा कापूस अमरावतीला आणून देवीच्या पायाशी वाहत. त्यातला कुंकू लागलेला चिमूटभर कापूस नव्या बाळाच्या नाळेवर ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. अकोल्याला सासरी माझा पहिला मुलगा झाला, तेव्हा बाबांनी तोच प्रसाद पाठवला होता. आठव्या दिवशी बाळाचा जबडा मिटला, ते दूध ओढेना, आणि गेलं. देवीचा प्रसाद अंगावर असताना गेलं, हे काही केल्या माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या खेपेला माहेरी आले. कळा सुरू झाल्या आणि आमची नेहमीची सुईण कापसाच्या गाड्यांच्या रांगेपलीकडे अडकली. आई देवीचा धावा करत होती, मी मात्र रुसून ओठ मिटून पडले होते. दुपारच्या उन्हात कापसाचे तंतू खिडकीतून तरंगत आत येत होते. तेवढ्यात दारात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई दिसली. भातकुली गावच्या गाडीवरून उतरून ती पाणी मागायला आली होती. माझं कण्हणं ऐकून म्हणाली, मी सुईणच आहे. ग्लानीत मला वाटलं, ही त्या तरंगत्या कापसातूनच उतरली.

आत पाऊल टाकण्याआधी तिने राख आणि कढत पाणी मागितलं. कोपरापर्यंत हात घासले, आईलाही घासायला लावले. माझी आई कडक सोवळ्यातली. तिला सुईणीने हात धुवायला सांगावं! ती फणफणली, पण धुतले. मुलगी झाली. आईने प्रसादाचा कापूस पुढे केला आणि मी लेकीला जवळ ओढलं. बाईने हात जोडले.

"देवीचा कापूस देवीपाशीच जळू द्या, बाई. नाळेले मी उकळलेलं फडकं बांधतो."

आईने त्या कापसाची वात वळली. बाई आमच्या ओसरीवर राहिली, रोज फडकं बदलत राहिली. तिचंही एक लेकरू असंच गेलं होतं, एवढंच ती बोलली. आठव्या दिवशी मी श्वास धरून बसले. लेक रडली, दूध ओढू लागली, आणि मी हमसून हमसून रडले.

पुढे मी तिच्यासोबत बाळंतिणींच्या घरोघर फिरले. लोक तिला राखवाली येडी म्हणत, ती हसायची. देवी आली होती का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. कृपा कोणत्या रूपाने यावी हे मी ठरवत बसले होते. ते सोडलं, आणि मन निवलं.

शेवटी पटकीच्या साथीने तिलाच गाठलं. मी तिच्या गावी, भातकुलीला पोचले, तिच्या अंथरुणाशी वाकले. डोळे न उघडताच तिने विचारलं, "हात धुतले काय?"

"धुतले, माय."

तिने माझा हात थोडा वेळ धरला, मग सोडला. "जाय आता, पोरी. पुन्हा धुवून घे."

मी अंगणात आले आणि राखेने, कोपरापर्यंत, रडत रडत हात धुतले.