कानशींचा खण

आमच्या मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, विश्वास एकाच वस्तूवर होता: धनुष्य खरवडायच्या त्यांच्या पोलादी पट्टीवर. माणसं त्यांच्या लेखी सगळी संशयित. मी चहात साखर कमी टाकली, तर उरलेली कुठे गेली म्हणून डबा उघडून बघायचे.

धनुष्यं करण्याचा धंदा त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा. मामंजी लाकूड खरवडायचे. धाकटे ते खुंटीवर अडकवून दोरी ओढायचे आणि कुठे अजून ताठ आहे ते सांगायचे. तिथे थोडं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. एकट्याने होणारं काम नव्हे.

पट्टी मामंजींनी स्वतः केलेली. बाजारातली नवी पट्टी म्हणजे 'रंगवलेला पत्रा'. ते भंगारवाल्याकडच्या जुन्या करवती वाकवून, नखाने वाजवून बघत, आणि चांगली करवत तो नक्की दडवतोय म्हणून त्याला उठवून त्याच्या बुडाखालचं पोतंही उचलत. पसंत पडलेल्या करवतीचा तुकडा कापायचा, कड कानशीने सरळ करायची, दगडावर घासायची, मग कडक सळई दाबून फिरवत त्या कडेला बारीक मुरड घालायची. ही मुरड डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. तिच्यामुळे लाकडाचे पातळ पापुद्रे निघतात. ती गेली की नुसता भुसा.

"मी एकदा मुरड घातली की महिनोन्महिने बघायला नको," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. धाकटे तेव्हा खाली मान घालून दोरीला मेण चोळत बसायचे.

अशी पट्टी कोणी लांबवली तर? म्हणून मामंजी रोज संध्याकाळी ती कानशींच्या खणात, अगदी तळाशी खुपसून ठेवत. एका सकाळी ती त्यांना पालथी सापडली.

झालं! पहिला संशय माझ्यावर. "सूनबाई, करपलेली कढई कशाने खरवडलीस?"

"नखांनी," मी म्हटलं. माझंही डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते भल्या सकाळी कामाच्या खोलीच्या दाराआड दबा धरून बसले, आणि साक्षीला मला उभं केलं. थोड्या वेळाने धाकटे आले. त्यांनी खण उघडला, पट्टी काढली आणि सळई हातात घेतली.

"सापडलास!" मामंजी ओरडले. "वेगळं दुकान टाकायचंय ना तुला? माझ्या पट्टीवर?"

"दादा, मी फक्त..." धाकट्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचे शब्द गिळले. पट्टी बाकावर ठेवली आणि निघून गेले. मला इतका राग आला, की मामंजींचा चहा मी तसाच थंड होऊ दिला.

त्या सकाळी पट्टीने भुसाच काढला. "बघ, मुद्दाम मोडली मुरड," म्हणत मामंजींनी स्वतः नवी घातली, पापुद्रे काढले, संध्याकाळी पट्टी खणात ठेवली आणि दाराला नवं कुलूप घातलं. सकाळी कुलूप जसंच्या तसं आणि पट्टीखाली पुन्हा भुसा.

ते माझ्याकडे वळणार, तेवढ्यात मी खण ओढून त्यांच्यापुढे धरला. "मामंजी, नाजूक धार तुम्ही रोज कानशींत खुपसता. कानशी दुसरं काय करणार?"

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. मग खणाकडे पाहत राहिले. "म्हणजे तो रोज सकाळी येऊन मुरड घालायचा..."

तसेच उठून ते धाकट्यांच्या घरी गेले. मी मागोमाग. धाकट्यांनी दार उघडलं, पण दारातून बाजूला झाले नाहीत.

"सांगितलं का नाहीस मला?" मामंजींनी विचारलं.

"काय सांगणार? गिऱ्हाइकांसमोर किती तोऱ्यात बोलायचास तू."

मामंजींनी पट्टी पुढे केली. "मुरड घालून दे."

"देतो. पण आज रात्री ठेवणार कुठे?"

साखरेचा डबा तपासणारे आमचे मामंजी. त्यांनी पट्टी भावाच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली.

"तुझ्याकडे," ते म्हणाले.