पहिल्या वीसांची यादी

नोकरदारांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कंपन्यांची यादी आमचं मासिक दर वर्षी छापतं. सगळ्यात जास्त उलाढालीची कंपनी वर, मग उतरत उतरत विसाव्यापर्यंत. गेली तीन वर्षं ही यादी मी करते आणि दर वर्षी डोक्याला ताप होतो. पुण्याहून बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला आले तेव्हा वाटलं होतं, आकड्यांचं काम आहे, शांतपणे होईल. कसलं शांत!

कारण आकडे आम्ही शोधत नाही, मागतो. एक फॉर्म पाठवायचा आणि तो कंपनीनेच भरायचा. मग एक कंपनी भाड्याने दिलेले लॅपटॉपही उलाढालीत धरते, दुसरी माणसं नोकरीला लावून दिल्याचं कमिशन धरते, तिसरी तर वर्गाला आलेल्यांच्या जेवणाचं बिलसुद्धा. "यात शिकवण्याचे किती?" असं विचारलं की हिंदीत उत्तर येतं, "मॅडम, सब मिलाके ही तो बिझनेस है."

यंदा मी चंगच बांधला. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: यापैकी शिकवण्याव्यतिरिक्त उत्पन्न किती? तेवढं वजा करायचं आणि उरेल त्यावर क्रम लावायचा. संपादकांनी मान डोलावली, फक्त एक अट घातली. "रकाना सक्तीचा करू नकोस. कुणी नाही भरला तर दिलेला आकडा तसाच घे. यातले निम्मे आपल्याला जाहिराती देतात." मी हो म्हटलं. कोरा रकाना पाठवायची निदान मोठ्यांना तरी लाज वाटेल, असं मला खरंच वाटत होतं. किती बावळट असावं माणसाने!

जवळजवळ सगळ्यांनी तो कोराच पाठवला. मी मेल केले, फोन केले, पुन्हा फोन केले. कुणाचे अकाउंट्सवाले रजेवर होते, कुणाची माहिती गुप्त होती. एकाने सरळ शून्य लिहिलं. त्याच कंपनीची 'लॅपटॉप भाड्याने मिळतील' ही पाटी मी रोज बसमधून बघत होते. संताप संताप झाला नुसता.

रकाना मन लावून भरला तो एकाच गृहस्थांनी. बसवनगुडीत त्यांची छोटी संस्था आहे. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं, त्यामुळे मराठीला चांगलंच कानडी वळण. बँकांमधल्या, कारखान्यांमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना ते माउस कसा धरायचा इथपासून शिकवतात. मागच्या वर्षी ते एकोणिसावे होते. यंदा त्यांनी परीक्षेची फी वेगळी दाखवली, पुस्तकांचे पैसे वेगळे दाखवले, चहा-बिस्किटांचेसुद्धा. वर सीएच्या सहीचं पत्र जोडलं. मी वजाबाकी केली आणि ते तेविसावे झाले.

मी तडक संपादकांकडे गेले. म्हटलं, यांचं वजा नको करू या, हे अन्याय्य आहे. ते शांतपणे म्हणाले, "नियम तूच केलास ना? मग एकालाच वेगळी वागणूक कशी द्यायची?" मी बराच वेळ वाद घातला. यादी तशीच छापायला गेली.

अंक बाहेर पडला त्या आठवड्यात बसवनगुडीच्या त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"अक्का, स्वल्प वेळ आहे काय? यादीत आमचं नाव दिसत नाही की. ज्या कारखान्याचं काम बारा वर्षं आम्ही करतो, तिथले नवे साहेब म्हणतात, पहिल्या वीसांतल्यांनाच बोलावणार म्हणून. मोठं काम म्हणजे ते एकच आहे माझ्याकडे. सात जण शिकवायला आहेत."

मी सगळं सांगितलं. वजाबाकी कशी केली, इतरांचं काही वजा का झालं नाही, सगळं. माझं मलाच ते ऐकवत नव्हतं.

"म्हणजे बाकीच्यांनी तो रकाना भरलाच नाही?"

"नाही."

"आणि तसं चालतंय?"

"चालतं."

यादी आता बदलता येणार नाही, हेही मी सांगून टाकलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "हे वर्ष गेलं मग. सातांतले किती ठेवता येतात बघतो." मग अगदी साधेपणाने विचारलं, "पुढच्या वर्षी मी पण तो रकाना सोडून देऊ काय अक्का? तुम्ही सांगाल तसं करतो."

बारीकसारीक हिशेब सही-शिक्क्यानिशी देणारा तो एकटा माणूस, आणि तो मलाच विचारत होता. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. पण त्या सात जणांचं काय, हेही डोळ्यांसमोर होतं.

"हो," मी म्हटलं. "कोरा ठेवा."

"थांबा हं," ते म्हणाले, "लिहून घेतो."