श्वास पुरेल तेवढं वाक्य

मंगळवारी साडेअकराला मी औरंगपुऱ्यात चष्म्याची काडी बदलायला गेलो होतो. बायकोच्या करमाडच्या शाळेतून फोन आला, मॅडमना बरं नाही, तुम्ही निघा. जालना रोडला लागेपर्यंत मुख्याध्यापकांचा दुसरा फोन. त्यातला 'हार्ट अटॅक' एवढाच शब्द मला नीट ऐकू आला. सुनीता गेली होती.

पुढचे तेरा दिवस माणसं येऊन बसत होती. बसलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं, म्हणून तिचे किस्से निघायचे. एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवायचा. मी चहा करत होतो आणि ऐकत होतो.

आम्ही चार-पाच लिहिणारी माणसं रविवारी दुपारी आमच्याकडे, उस्मानपुऱ्यात जमतो. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, हा नियम. सुनीता वाचणार, लिहिणारा गप्प बसून ऐकणार. ती गणिताची शिक्षिका. अगदी सपाट वाचायची, आणि पूर्णविराम आल्याशिवाय श्वास घ्यायची नाही. म्हणायची, "लय वाक्यात असली तर ऐकू येईल. माझ्या गळ्यातून उसनी घेऊ नका."

माझ्या कादंबरीची सगळी प्रकरणं तिनं अशीच वाचली. शेवटचं तेवढं राहिलं. प्रकाशक ते मागतोय. न ऐकलेलं पान मी आजवर छापायला दिलेलं नाही.

*

मुजीबभाई कोर्टात भाषांतर करतात. त्यांच्या पहिल्या कथेतलं पहिलं वाक्य पानभर होतं. सुनीतानं ते एका दमात ओढलं. चेहरा लाल झाला.

मुजीबभाई घाबरले. "भाभी, कुठं तरी थांबायचं ना!"

"तुम्ही जागाच ठेवली नाही, भाई."

*

हे बघून पाचोडच्या वैशालीनं धडा घेतला. पुढच्या रविवारी तिची अख्खी कथा तीन-तीन शब्दांच्या वाक्यांत. आम्ही माना डोलावल्या.

सुनीतानं कागद खाली ठेवले. "वैशाली, हा हापसा झाला गं. पाणी येतंय, पण हात लई दुखतो."

*

एकदा एक प्राध्यापक पाहुणे आले. गद्यातल्या लयीवरच लेख आणला होता. सुनीता वाचत गेली. पाचव्या पानावर सर घोरायला लागले. ती थांबली तसे दचकून जागे झाले आणि विचारलं, कुणाचं आहे हे?

"तुमचंच, सर."

वैशाली हा किस्सा सांगताना हसली आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. मी म्हणालो, हस गं.

*

हा मात्र मी कुणाला सांगितलेला नाही.

शेवटच्या रविवारी कुणी आलं नव्हतं. मी शेवटचं प्रकरण तिच्यापुढं ठेवलं. दुसऱ्याच वाक्याला ती अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मध्येच थांबली. पाणी प्यायली.

"दम लागतोय हो," म्हणाली.

मी कागद काढून घेतले. टेबलाशी बसून संध्याकाळपर्यंत लांब वाक्यं तोडत गेलो. बावीस पानं. जिथं ती अडली होती तिथं तर दोनदा तोडलं. मग तिला म्हणालो, आता वाच, दम लागणार नाही.

"उद्या वाचते."

सोमवारी ती शाळेतून आली ती दमून आडवी झाली. मीही आग्रह केला नाही.

मुजीबभाई म्हणतात, मी वाचतो. वैशालीही म्हणाली. ते प्रकरण अजून कुणी मोठ्यानं वाचलेलं नाही.